बोटभर फरक

बाईंना गाड्यांचं वेड आहे असं सगळे म्हणत, पण सुरुवात काही वेडानं झाली नव्हती. सुरुवात धास्तीनं झाली होती.

मुलगा सहा वर्षांचा असताना एकदा शाळेतून घरी आलाच नाही. बाईंनी शिवणयंत्रावरची अर्धी पँट तशीच टाकली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला अडकवल्या आणि अख्खी गल्ली पालथी घातली. शेवटी तो सापडला रेल्वेच्या कुंपणापाशी, जाळीला तोंड लावून. नाकावर गंजाचा चौकोन उमटला होता.

"आई, तेवीस डबे होते," तो म्हणाला.

बाईंनी आधी एक धपाटा घातला, मग पोटाशी धरला, आणि घरी येईपर्यंत मनाशी ठरवून टाकलं. ह्याला गाड्या बघायच्याच असतील तर आपल्या डोळ्यांदेखत बघू दे. रुळांच्या शेजारून नाही, रुळांच्या वरून.

स्टेशनच्या पुढे, शाळा आणि वस्ती जोडणारा एक लोखंडी पादचारी पूल होता. दर रविवारी सकाळी सातला मायलेक तिथं हजर. मुलगा इंजिनाचा नंबर ओरडून सांगायचा आणि बाई वहीत लिहायच्या, कारण मुलाचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नसे. एका हातात पेन्सिल आणि दुसऱ्या हातात त्याची कॉलर. सात वर्षं त्यांनी ती कॉलर सोडली नाही. शर्टांच्या कॉलरी आधी फाटायच्या आणि मग बाह्यांची कोपरं.

तेराव्या वर्षी मुलानं जाहीर केलं, "आई, मी नाही येणार आता. सगळे हसतात मला."

"बरं झालं बाई," बाई म्हणाल्या. "सुटला एकदाचा माझा रविवार."

पुढच्या रविवारी सातला त्या पिशवी घेऊन बाहेर पडल्या. भाजी आणते म्हणाल्या. मंडई उजव्या हाताला होती, बाई डावीकडे वळल्या. असं तीन रविवार झालं. चौथ्या रविवारी त्यांचे यजमान, ज्यांचं कोपऱ्यावर कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "भाजीवाला हल्ली पुलावर बसतो वाटतं?"

बाईंना हसू आवरेना. "चार मिनिटं जाऊन बघते नुसती. कुणाचं काय जातं?"

"माझी भाजी जाते," ते म्हणाले. पण त्यानंतर रविवारची भाजी तेच आणायला लागले, आणि दर वेळी बाईंना न आवडणारी वांगी आणून त्यांनी आपला सूड उगवला.

कॅमेराही त्यांनीच मिळवून दिला. कुणाच्या तरी वडिलांचं जुनं कपाट उघडून द्यायला गेले होते. आत कपडे होते, औषधं होती आणि चामडी पिशवीत एक कॅमेरा. त्या माणसाला त्यात काडीचा रस नव्हता. यजमान तो घेऊन आले आणि शिवणयंत्रावर ठेवून म्हणाले, "घे. निदान तिथं जाऊन काय करतेस, हे लोकांना सांगता तरी येईल."

पहिल्या वर्षभराचे बाईंचे फोटो म्हणजे नुसता धूर आणि धूसर काहीतरी. हात थरथरायचे, कारण गाडी पुलाखालून गेली की छातीत धडधड व्हायची; ती जुनी सवय होती. पण बाई शिवणकामातल्या होत्या. उसवायचं आणि परत शिवायचं, ह्याचा त्यांना कंटाळा नव्हता. ऊन इंजिनाच्या तोंडावर हवं, पाठीवर नको. तारेचा खांब इंजिनाच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसता कामा नये. वळणावर शेवटचा डबा दिसायलाच हवा, नाहीतर ती गाडी नव्हे, नुसतं मुंडकं. हे सगळं त्यांना कुणी शिकवलं नाही. आणि हात थरथरतात त्यावर त्यांनी एक सोपा उपाय काढला. वस्तीच्या बाजूनं कठड्याच्या तिसऱ्या खांबापाशी वरची लोखंडी पट्टी चांगली चार बोटं रुंद आणि सपाट होती. कॅमेरा सरळ तिच्यावर ठेवायचा आणि बटण दाबायचं. माणसाच्या हाताचा काय भरवसा! लोखंड थोडंच हलतं?

अशी अठरा वर्षं गेली. रविवार, सात चाळीसची गाडी, तिसरा खांब. तीच चौकट: डावीकडे उतारावर सिग्नलचा खांब, उजवीकडे मालधक्क्याची भिंत, मधे वळण घेत येणारी गाडी. मुलगा नोकरीला लांबच्या शहरात गेला, त्यानं नवा कॅमेरा पाठवला, पण चौकट बदलली नाही. स्टेशनातली माणसं त्यांना पुलावरच्या बाई म्हणू लागली. काही ड्रायव्हर त्यांना बघून शिट्टी द्यायचे. एका ड्रायव्हरनं तर एकदा पँटची चेन बसवायला दिली, आणि शिट्टी दोनदा वाजली की पँट तयार आहे का असं विचारतोय, हे बाईंना कळायचं. त्या मान हलवून हो किंवा नाही सांगायच्या.

यंदा सात चाळीसला नवं, सपाट तोंडाचं इंजिन लागलं. लांब नाकाची जुनी इंजिनं एकेक करून भंगारात गेली, फक्त एक राहिलं होतं. बाईंनी ठरवलं, मुलाच्या नव्या घरासाठी दोन मोठे फोटो करायचे. एक अडीच वर्षांपूर्वीचा, लांब नाकवाल्याचा. दुसरा ह्या महिन्यातला, सपाट तोंडाचा. जागा तीच, उजेड तोच.

फोटोवाला पाकीट देताना म्हणाला, "बाई, एकच फोटो दोनदा काढलात की काय?"

"चष्मा पूस," बाई म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही फोटो कापायच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि कौतुकानं बघत बसल्या. बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी आली. काहीतरी खटकत होतं. तीस वर्षं पँटच्या दोन तंगड्या शेजारी ठेवून लांबी बघणाऱ्या बाईचे डोळे होते ते. त्यांनी पट्टी काढली. मोठ्या फोटोत सिग्नलचा खांब चांगला वीतभर उंच होता. जुन्या फोटोत खांब वर आणि खाली, दोन्हीकडे कडेपासून सारख्याच अंतरावर. नव्यात वरचं टोक दोन मिलिमीटर आत सरकलेलं.

खांब रुळांकडे झुकत होता.

त्या रात्री बाईंना झोप आली नाही आणि सोमवारी सकाळी शिवणयंत्र न उघडताच त्या स्टेशनमास्तरांसमोर दोन्ही फोटो घेऊन उभ्या राहिल्या. "उतारावरची माती सुटत असणार," त्या म्हणाल्या. "उद्या तो खांब गाडीवर पडला म्हणजे?"

स्टेशनमास्तर भला माणूस. त्यांनी फोटो बघितले, डोकं खाजवलं आणि फोन फिरवला. रूळदुरुस्तीचे गडी आले, त्यांचा मुकादम आला. काम होईपर्यंत दोन गाड्या अलीकडे थांबवून ठेवाव्या लागल्या. मुकादमानं खांबाला ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला दोरा, लावला, चारी बाजूंनी बघितलं, पाया ठोकून बघितला. खांब दांडीसारखा सरळ.

"बाई," मुकादम सगळ्या गड्यांदेखत म्हणाला, "खांबाला काही झालेलं नाही. तुमच्या डोळ्याला टाका घालायला हवा."

गडी खो खो हसले. स्टेशनमास्तर हसले नाहीत, ते जास्त लागलं. वरच्या साहेबांकडून त्यांना दोन गाड्यांच्या उशिराबद्दल चांगलंच ऐकून घ्यावं लागलं होतं. "बाई, तुम्ही फोटो काढा, छान काढता," ते म्हणाले. "पण आता आमच्या कामात नका पडू, प्लीज."

बाईंनी कानाला खडा लावला. घरी येऊन यजमानांना सांगितलं तर त्यांनी हातातली कानस खाली ठेवली आणि म्हणाले, "तुला सगळीकडे काहीतरी पडताना दिसतं. मुलगा पडेल, दूध उतू जाईल, आता खांब पडेल. एक दिवस आभाळाला पण टेकू लावशील." बोलले थट्टेनं, पण बाईंचे डोळे भरून आलेले बघितले आणि मुकाट्यानं उठून चहा ठेवायला गेले.

आठवडाभर ते फोटो टेबलाखाली पालथे पडले होते. शनिवारी दुपारी बाईंनी ते परत काढले. खांब सरळ आहे, हे मुकादमानं ओळंब्यानं दाखवलं होतं. ओळंबा खोटं बोलत नाही. पण त्यांची पट्टीही खोटं बोलत नव्हती. मग त्यांनी, आधीच करायला हवं होतं ते आता केलं: पट्टी मालधक्क्याच्या भिंतीला लावली. तिची कड नव्या फोटोत तेवढीच कललेली होती. तिच्यामागच्या पाण्याच्या टाकीचा पायही. सगळं एकाच बाजूला, सगळं सारखंच.

अख्खं जग एका अंगाला कललं होतं, किंवा मग बाई ज्यावर कॅमेरा ठेवत होत्या ते.

रविवारी त्या पुलावर गेल्या तेव्हा पर्समध्ये काळ्या दोऱ्याचं रीळ आणि कोटाचं एक जड बटण होतं. तिसऱ्या खांबाच्या माथ्यावर दोरा धरला आणि टोकाला बांधलेलं बटण खाली सोडलं. वारा नव्हता. बटण थोडं हेलकावलं, स्थिर झालं. वर दोरा खांबाला चिकटलेला. खाली, पायापाशी, खांब आणि दोरा ह्यांच्यात बाईंचं बोट आरामात गेलं. मग त्या पुलाच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या आणि तिथल्या खांबाला दोरा लावला. तिथं वरपासून खालपर्यंत दोरा चिकटलेला.

म्हणजे पुलाचा एक पाय खचत होता. वस्तीकडचा, ज्याच्या शेजारून वस्तीच्या नळाचा पाइप जात होता तो.

बाई कठडा धरून उभ्या राहिल्या, आणि मग कठडा धरलाय हे लक्षात येऊन त्यांनी हात काढून घेतला.

आता सांगायला हवं होतं. पण सांगितलं की पूल बंद होणार, आणि ह्या पुलासारखी दुसरी जागा नव्हती. फलाटावर परवानगीशिवाय कॅमेरा काढता येत नसे, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीच्या भिंती झाल्या होत्या. शिवाय येणारा रविवार साधा नव्हता. ते शेवटचं लांब नाकाचं इंजिन पुढच्या रविवारी सात चाळीसला शेवटचं धावणार होतं. खास फुलं-बिलं लावून, तशी पाटीच लागली होती स्टेशनात. अठरा वर्षांत इथून गेलेल्या प्रत्येक लांब नाकाच्या इंजिनाचा फोटो बाईंनी काढला होता, हे एकटंच निसटलेलं होतं. दर वेळी ते दुसऱ्याच गाडीला असायचं, किंवा बाई तापानं फणफणलेल्या असायच्या. पुढचा रविवार. एकच आठवडा.

पूल अडीच वर्षं खचतोय, त्यांनी मनात म्हटलं. आणखी सात दिवसांनी काय होणार आहे? सोमवारी सांगू. पुढच्या सोमवारी. शिवाय परत जाऊन सांगायचं कुणाला? त्या मुकादमाला? परत गाड्या थांबवा, परत हसा. ह्या वेळी पक्कं मोजून, नीट लिहून, सगळं तयार करूनच जाऊ. आठवडा तर लागेलच त्याला.

असं सगळं त्यांनी स्वतःला इतक्या छान रीतीनं पटवलं की त्यांना बरंसुद्धा वाटलं. तिसऱ्या खांबापाशी परत येऊन त्यांनी कॅमेरा काढला, लोखंडी पट्टीवर ठेवला.

तेवढ्यात वस्तीच्या बाजूनं एक बाप आला, खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी. त्यानं तिला खाली उतरवून बरोबर तिसऱ्या खांबापाशी, बाईंच्या शेजारी, कठड्याच्या खालच्या दांडीवर उभं केलं.

"मावशी, आता आहे ना गाडी?" त्यानं विचारलं. "हिला दाखवायचीय. कधीची मागे लागलीये."

बाईंना वेळ तोंडपाठ होती. चार मिनिटं. गाडी खालून जाईल आणि पूल थरथरेल, नेहमीसारखा. ती मुलगी दोन्ही मुठींनी कठडा घट्ट धरून वळणाकडे टक लावून बघत होती.

बाईंचा हात आपोआप पुढे गेला आणि त्यांनी त्या परक्या मुलीची कॉलर धरली.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण इथून नाही बघायची. खाली चला. दोघंही. आत्ता."

"अहो पण..."

"भाऊ, मी अठरा वर्षं ह्याच खांबापाशी उभी राहते. मी सांगते ना, खाली चला!"

त्यांच्या आवाजात असं काही होतं की बाप निमूटपणे मुलीला उचलून चालू लागला. सात चाळीसची गाडी पुलाखालून गेली तेव्हा बाई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या आणि त्यांनी मागे वळून बघितलंही नाही. मुलगी मात्र भोकाड पसरून रडत होती.

स्टेशनमास्तरांनी बाईंना दारात बघितलं आणि हातातली फाइल टेबलावर आपटली. "आता काय पडतंय?"

"पूल," बाई म्हणाल्या.

"बाई, हात जोडतो..."

"हात नका जोडू. हा दोरा धरा." त्यांनी रीळ त्यांच्यासमोर ठेवलं. "गाडी थांबवू नका, कुणाला फोन करू नका. तुम्ही एकटे माझ्याबरोबर पाच मिनिटं चला. तुमचं बोट खांब आणि दोऱ्यामधून गेलं नाही, तर मी परत स्टेशनात पाऊल टाकणार नाही. शब्द देते."

आपल्या परीनं बाईंनी पणाला लावता येईल ते सगळं लावलं होतं. स्टेशनमास्तरांना ते कळलं की नाही कुणास ठाऊक. बहुतेक कायमची ब्याद टळतेय असंच त्यांना वाटलं असावं. ते टोपी घालून निघाले.

वरच्या पायरीवर बाई थांबल्या. "मी नाही येत. तुम्हीही कठड्याला रेलू नका."

स्टेशनमास्तर तिसऱ्या खांबापाशी वाकले. दोरा सोडला, बोट घातलं. बोट काढून परत एकदा घातलं. मग ते पाय न आपटता, मांजरासारखे चालत परत आले.

"रोज तीनशे पोरं जातात इथून," ते हळू आवाजात म्हणाले.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

पंधरा मिनिटांत दोन्ही जिन्यांवर दोर बांधले गेले. दुपारी इंजिनियर साहेब आले, माती उकरली. नळाचा पाइप फुटून पाणी कितीतरी दिवस पायाखाली मुरत होतं. पाय चार बोटं खाली गेला होता आणि खालची माती चिखल होऊन बसली होती. पुढचा आठवडा काढला असता का, असं बाईंनी विचारलं. साहेब म्हणाले, काढलाही असता. नसताही.

पुढच्या रविवारी बाई सातलाच पुलापाशी गेल्या. न जाऊन घरी काय करणार? जिन्याला आता पत्रे ठोकले होते. पत्र्यांपाशी स्टुलावर मुकादम बसला होता. बाईंना बघून तो उभा राहिला, डोक्यावरचा रुमाल काढला, परत बांधला.

"बाई, त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो."

"जरा?" बाई म्हणाल्या.

मुकादमानं इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आज ते जुनं येतंय ना? तुमची ती जागा ठाऊक आहे मला. पत्र्याचा हा कोपरा सैल आहे. दोन मिनिटं वर जाऊन या. एक माणूस गेल्यानं काही होत नाही. मी तिकडे तोंड करून बसतो."

बाईंनी पत्र्याच्या कोपऱ्याकडे बघितलं. आत जिना दिसत होता, वर ऊन होतं, तेही हवं तसं, बरोबर इंजिनाच्या तोंडावर पडेल असं. मागून यजमानांनी हळूच म्हटलं, "बघ बाई." आज पहिल्यांदाच ते बरोबर आले होते.

"खिळा आहे का?" बाईंनी मुकादमाला विचारलं.

"कशाला?"

"हा कोपरा ठोक. आत्ता, माझ्यासमोर. मला दोन मिनिटं, मग पेपरवाल्याला दोन मिनिटं, मग पोरांना शाळेला उशीर होतोय म्हणून दोन मिनिटं. पत्रा काय शोभेला लावलाय? तीस गड्यांचा मुकादम ना तू?"

मुकादमानं जीभ चावली. खिसे चाचपले, खिळा काढला आणि दगडानं ठोकायला लागला. तो ठोकत असतानाच भिंतीपलीकडे शिट्टी झाली, लांब, घोगरी, नव्या इंजिनांना येत नाही तशी. बाईंनी कॅमेऱ्याची पिशवी छातीशी धरली. भिंतीवरून फक्त इंजिनाच्या टपाची काळपट रेघ सरकताना दिसली, थोडा धूर, आणि त्यामागे डब्यांची छपरं. जमीन हादरली. मग आवाज वळणावर पातळ होत गेला आणि शेवटी मुकादमाच्या दगडाचाच आवाज उरला.

यजमानांनी नुसता हात बाईंच्या पाठीवर ठेवला.

मंडईकडच्या वाटेनं एक बाई येत होती, दोन्ही हातांत जड पिशव्या, घामानं निथळलेली. पूल बंद बघून तिनं पिशव्या धपकन खाली टाकल्या. "अजून बंदच? आठवडाभर झाला, रेल्वेच्या फाटकावरून वळसा घालून घालून पायांचे तुकडे पडले माझ्या. कुणा शहाण्यानं तक्रार केलीये म्हणे. स्वतःला चालावं लागत नसेल मेल्याला!"

मुकादमानं बाईंकडे बघितलं आणि चटकन नजर वळवली.

"मी केली तक्रार," बाई म्हणाल्या. त्यांनी कॅमेरा यजमानांच्या गळ्यात अडकवला आणि खाली वाकून दोन्हींतली जास्त जड पिशवी उचलली. "चल, मलाही तिकडूनच जायचंय."